परिचर्या शिक्षणातील परीक्षा व मूल्यमापन

परिचर्या शिक्षणातील परीक्षा व मूल्यमापन : रुग्णसेवेचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्यासाठी लागणारे ज्ञान, हस्तकौशल्य व सेवावृत्ती यांचे संपादन कितपत केले आहे, हे ठरविण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावतात. परीक्षा हा या मूल्यमापनाचा एक भाग होय. लेखी उत्तरपत्रिका, तोंडी प्रश्न, रुग्णाच्या खाटेजवळ करून दाखविलेली कामे, कक्षातील दैनंदिन वर्तनाच्या नोंदी आणि पूर्ण केलेल्या कामांच्या नोंदवह्या या सर्वांचा त्यात समावेश होतो. या व्यवसायात स्त्रियांची संख्या पूर्वीपासून अधिक असल्याने येथे ‘विद्यार्थिनी’ व ‘परिचारिका’ हे शब्द वापरले आहेत. तथापि ते पुरुष विद्यार्थ्यांस व परिचारकांसही लागू आहेत.

इतर अनेक विद्याशाखांत परीक्षेतील चुकीची किंमत मुख्यतः परीक्षार्थीला मोजावी लागते. परिचर्येत ती रुग्णाला मोजावी लागण्याचा संभव असतो. मधुमेही रुग्णास द्यावयाच्या इन्शुलिनाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. भारतात दर मिलिलिटरमध्ये ४० एकके असलेले आणि १०० एकके असलेले, असे दोन तीव्रतांचे इन्शुलीन प्रचलित आहे व प्रत्येकासाठी स्वतंत्र खुणांची पिचकारी असते. १०० एककांचे इन्शुलीन ४० एककांच्या पिचकारीतून त्याच खुणेपर्यंत भरल्यास रुग्णाला अडीचपट मात्रा जाते आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. ज्या विद्यार्थिनीस इन्शुलिनाचे कार्य शंभरपैकी नव्वद गुण मिळण्याइतके चांगले लिहिता येते, परंतु पिचकारीवरील खूण तपासण्याची सवय नाही, तिला उत्तीर्ण म्हणावे काय, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे. परिचर्या शिक्षणातील परीक्षापद्धतीचा विकास हा पुष्कळ अंशी याच प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा इतिहास आहे.

ऐतिहासिक आढावा : आधुनिक परिचर्या शिक्षणाचा प्रारंभ ⇨फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाच्या निधीतून लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० साली निघालेल्या शाळेपासून मानला जातो. या शाळेतील प्रत्येक उमेदवार परिचारिकेच्या प्रगतीची मासिक नोंद ठेवण्यासाठी नाइटिंगेल यांनी एक तक्ता तयार केला होता. त्याचे नैतिक व तांत्रिक असे दोन भाग होते. नैतिक भागात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासार्हता, वैयक्तिक नीटनेटकेपणा व स्वच्छता आणि कक्षाची व्यवस्था अशी पाच सदरे होती. तांत्रिक भागात चौदा मुख्य सदरे असून त्यांतील काहींची बरीच उपसदरे पाडलेली होती. रुग्णाचे निरीक्षण हे त्यांतील विशेष तपशीलवार सदर होय. प्रत्येक बाबीपुढे उत्कृष्ट, चांगले, मध्यम, अपूर्ण किंवा शून्य यांपैकी एक शेरा लिहावयाचा असे. गुणांऐवजी श्रेणी देण्याची, तसेच वर्षाअखेरीच्या एका परीक्षेऐवजी सातत्याने नोंद ठेवण्याची कल्पना यात स्पष्ट दिसते. आज आधुनिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक पद्धतींचे बीज या तक्त्यात आहे.

परिचारिकांची राज्यस्तरीय नोंदणी व त्यासाठी सार्वत्रिक परीक्षा या कल्पनेस मात्र नाइटिंगेल यांचा विरोध होता. चांगल्या परिचारिकेचे शील व निष्ठा लेखी परीक्षेने मोजता येत नाहीत आणि एकदा नाव नोंदले गेल्यावर पुढील वर्तनाची हमी राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. याउलट, १८८७ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश परिचारिका संघाच्या प्रवर्तक एथेल बेडफर्ड फेनविक यांनी अशी भूमिका मांडली, की प्रशिक्षित व अप्रशिक्षित यांतील भेद सामान्य जनतेस कळावयाचा असेल, तर समान अभ्यासक्रम, समान परीक्षा व नोंदणीपुस्तक यांवाचून गत्यंतर नाही. हा वाद सुमारे तीन दशके चालला. न्यूझीलंडने १९०१ मध्ये परिचारिकांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र कायदा करून या बाबतीत पुढाकार घेतला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याने १९०३ मध्ये असा कायदा केला. ब्रिटनमध्ये नोंदणीचा कायदा १९१९ मध्ये संमत झाला व त्यान्वये स्थापन झालेल्या सर्वसाधारण परिचर्या परिषदेची राज्य परीक्षा १९२५ पासून सुरू झाली. फेनविक यांचा पक्ष अशा रीतीने विजयी झाला. परंतु नाइटिंगेल यांनी उपस्थित केलेली शंका निकालात निघाली नाही. ज्याची गणना करता येते ते आणि ज्याला खरे महत्त्व आहे ते, यांतील अंतर कसे कमी करावे, हा विचार पुढील काळातही चालूच राहिला.

भारतातील विकास : भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या रुग्णालयांना जोडून प्रशिक्षणशाळा निघाल्या, मुंबईतील सर ज. जी. रुग्णालयाची शाळा ही त्यांपैकी एक होय. प्रारंभी प्रत्येक रुग्णालय आपला अभ्यासक्रम आपणच ठरवी, आपणच परीक्षा घेई व आपणच प्रमाणपत्र देई. त्यामुळे एका रुग्णालयाच्या प्रमाणपत्राचे मोल दुसऱ्या रुग्णालयात कळत नसे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत उत्तर व दक्षिण भारतातील मिशनरी रुग्णालयांनी एकत्र येऊन संयुक्त परीक्षा मंडळे स्थापन केली आणि प्रवेशाचे व परीक्षेचे समान नियम ठरविले. पुढे निरनिराळ्या प्रांतांत नोंदणीचे कायदे झाले. मुंबई प्रांतात १९३५ मध्ये परिचारिका, सुइणी व आरोग्य-अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा करण्यात आला. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ संमत झाला आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद ही नोंदणीचे काम करू लागली.

संपूर्ण देशासाठी समान शैक्षणिक पातळी ठरविण्याच्या उद्देशाने १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषद अधिनियम करण्यात आला. अभ्यासक्रमाची व परीक्षांची किमान पातळी ठरविणे व संस्थांची तपासणी करणे ही या परिषदेची प्रमुख कामे होत. परिचर्येचा विद्यापीठीय पदवी अभ्यासक्रम १९४६ मध्ये दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाला. पदव्युत्तर अभ्यासक्रम दिल्लीत १९५९ मध्ये सुरू झाला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले. परिचर्येचे शिक्षण विद्यापीठात आल्यामुळे परीक्षेच्या स्वरूपातही बदल घडून आला. रुग्णालयातील परीक्षेत वरिष्ठ परिचारिकेचा अनुभवसिद्ध अभिप्राय प्रमुख असे; विद्यापीठाने प्रश्नपत्रिका, बहिःस्थ परीक्षक, गुणपत्रक व वर्ग यांची चौकट आणली.

अभ्यासक्रम व परीक्षा घेणाऱ्या संस्था : सध्या भारतात साहाय्यक परिचारिका व प्रसाविका (दोन वर्षे), सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिविद्या पदविका (तीन वर्षे), बी.एस्‌सी. परिचर्या ही पदवी (चार वर्षे), पदविकाधारकांसाठी मूलभूतोत्तर बी.एस्‌सी. (दोन वर्षे) व एम्.एस्‌सी. (दोन वर्षे) असे प्रमुख अभ्यासक्रम आहेत. पदविका पातळीवरील परीक्षा राज्याच्या परिचर्या परिषदा किंवा त्यासाठी नेमलेली परीक्षा मंडळे घेतात. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे आहे. पदवी व पदव्युत्तर परीक्षा विद्यापीठे घेतात. महाराष्ट्रातील बहुतेक परिचर्या महाविद्यालये नासिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठास (स्थापना १९९८) संलग्न आहेत. गोव्यात बांबोळी येथील परिचर्या शिक्षण संस्था गोवा विद्यापीठास संलग्न आहे.

परीक्षा घेणारी संस्था कोणतीही असली, तरी विद्यार्थिनीचे मूल्यमापन दोन ठिकाणी होते. शाळेतील किंवा महाविद्यालयातील शिक्षिका वर्षभर जे मूल्यमापन करतात, त्यास अंतर्गत मूल्यमापन म्हणतात. मंडळाच्या किंवा विद्यापीठाच्या परीक्षेस बहिःस्थ परीक्षा म्हणतात. सामान्यतः लेखी विषयाच्या १०० गुणांपैकी २५ गुण अंतर्गत मूल्यमापनासाठी व ७५ गुण बहिःस्थ परीक्षेसाठी असतात. प्रात्यक्षिकांत अंतर्गत मूल्यमापनाचा वाटा याहून बराच मोठा ठेवलेला असतो. कारण हाताचे कौशल्य व रुग्णाशी वागणूक या गोष्टी एका दिवसाच्या परीक्षेपेक्षा अनेक महिन्यांच्या सहवासात अधिक खात्रीने कळतात.

लेखी परीक्षा : शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाविज्ञान, सूक्ष्मजंतुशास्त्र, पोषण, औषधिक्रियाविज्ञान, प्रौढ-रुग्ण परिचर्या, बाल-परिचर्या, मानसिक आरोग्य परिचर्या, प्रसूतिविद्या व समाज-आरोग्य परिचर्या हे लेखी परीक्षेचे प्रमुख विषय होत. दीर्घोत्तरी, लघूत्तरी व वस्तुनिष्ठ अशा तिन्ही प्रकारचे प्रश्न विचारले जातात. अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम व त्यांचे सहकारी यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणाचा परिचर्या शिक्षणावर मोठा परिणाम झाला. ‘न्यूमोनियाची लक्षणे लिहा’ या प्रश्नातून स्मरणाची कसोटी लागते. ‘न्यूमोनिया झालेल्या सत्तर वर्षांच्या रुग्णाचा श्वसनाचा वेग वाढत असून तो गोंधळल्यासारखा बोलू लागला आहे, परिचारिकेने प्रथम काय करावे व का?’ या प्रश्नात स्मरणाखेरीज निर्णयशक्तीचीही कसोटी लागते. प्रश्नपत्रिकेत पहिल्या प्रकारच्या प्रश्नांचा भरणा झाला, तर विद्यार्थिनी पाठांतराकडे वळतात व शिक्षिकाही तेच शिकवू लागतात. म्हणून प्रश्नपत्रिका काढण्यापूर्वी कोणत्या घटकास किती गुण व कोणत्या पातळीचे किती प्रश्न, यांचा आराखडा तयार करणे श्रेयस्कर मानले जाते.

औषधाच्या मात्रेची गणिते हा लेखी परीक्षेतील एक लहान परंतु स्वतंत्र विचार करण्याजोगा भाग आहे. उदा., १,००० मिलिलिटर लवणद्राव आठ तासांत शिरेवाटे द्यावयाचा असून नळीतून १५ थेंबांना १ मिलिलिटर द्राव पडत असल्यास मिनिटाला किती थेंब सोडावेत? येथे १,००० ला १५ ने गुणून ४८० मिनिटांनी भागल्यास ३१·२५, म्हणजे सुमारे ३१ थेंब, हे उत्तर येते. अशा दहा गणितांपैकी पाच बरोबर सोडविणाऱ्या विद्यार्थिनीस नेहमीच्या नियमाने ५० टक्के गुण मिळून ती उत्तीर्ण ठरेल; परंतु कक्षात तिच्या हातून दर दोन मात्रांपैकी एक चुकेल, असा त्याचा अर्थ होतो. ब्रिटनच्या परिचर्या व प्रसूतिविद्या परिषदेने २०१८ मध्ये ठरविलेल्या शैक्षणिक मानकांनुसार औषध-गणिताच्या कसोटीत १०० टक्के गुण मिळविणे आवश्यक आहे, ते याच कारणास्तव होय.

प्रात्यक्षिक परीक्षा : परिचर्येची पारंपरिक प्रात्यक्षिक परीक्षा रुग्णालयाच्या कक्षात प्रत्यक्ष रुग्णांवर होते. विद्यार्थिनीस एक रुग्ण नेमून देण्यात येतो. ती त्याची विचारपूस व तपासणी करून माहिती गोळा करते, त्याच्या गरजा व अडचणी ठरविते, परिचर्येची योजना लिहून काढते, तीतील काही कामे परीक्षकांसमोर करते आणि त्यांचा परिणाम नोंदविते. निरीक्षण, परिचर्या-निदान, नियोजन, अंमलबजावणी व मूल्यमापन या पाच पायऱ्यांच्या क्रमास परिचर्या प्रक्रिया म्हणतात. त्यानंतर उपकरणे, औषधे व रुग्णाची स्थिती यांविषयी तोंडी प्रश्न विचारले जातात. परीक्षा एक अंतर्गत व एक बहिःस्थ असे दोन परीक्षक मिळून घेतात. एका दिवसात फार विद्यार्थिनींची परीक्षा घेतल्यास निरीक्षण वरवरचे होते, म्हणून दिवसाला २० पेक्षा अधिक परीक्षार्थी असू नयेत, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे.

या परीक्षेचा मोठा गुण म्हणजे तिचा खरेपणा. वेदनेने कण्हणारा रुग्ण, काळजीत असलेले नातेवाईक व कक्षातील घाईगर्दी यांमध्ये विद्यार्थिनी कशी वागते, हे तेथे दिसून येते. तथापि तिचे दोषही तितकेच स्पष्ट आहेत. एकीस शांत, सहकार्य करणारा रुग्ण मिळतो, तर दुसरीस बेशुद्ध किंवा चिडखोर रुग्ण मिळतो. एका परीक्षकाचा भर टापटिपीवर असतो, तर दुसऱ्याचा तोंडी उत्तरांवर. काही परीक्षक स्वभावतः कडक व काही सढळ असतात. विद्यार्थिनीविषयी आधीच चांगले किंवा वाईट मत झालेले असल्यास त्याची छाया प्रत्येक कामाच्या गुणांवर पडते. शिवाय आजारी माणसास वारंवार परीक्षेचे साधन करणे कितपत योग्य, हाही प्रश्न उरतोच. रुग्णाची संमती घेणे व त्याचा त्रास वाढू लागताच परीक्षा थांबविणे, हे परीक्षकाचे कर्तव्य होय.

वस्तुनिष्ठ रचित नैदानिक परीक्षा : वरील दोष कमी करण्यासाठी स्कॉटलंडमधील डंडी येथील रॉनल्ड हार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांकरिता ही पद्धत प्रसिद्ध केली. ती ‘ऑस्की’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. तीत परीक्षागृहात ओळीने अनेक ‘थांबे’ मांडलेले असतात. एका थांब्यावर रक्तदाब मोजणे, दुसऱ्यावर जखमेची मलमपट्टी, तिसऱ्यावर रुग्णाची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीस औषधाविषयी समजावून सांगणे, चौथ्यावर हृदयस्पंदालेख पाहून उत्तर लिहिणे, अशी कामे असतात. घंटा होताच प्रत्येक विद्यार्थिनी पुढील थांब्यावर जाते. सर्वांना तीच कामे, तेवढाच वेळ व त्याच थांब्यावर तोच परीक्षक लाभतो आणि गुण आधी तयार केलेल्या पडताळा सूचीवरून दिले जातात.

पडताळा सूचीत कामाचे लहान लहान टप्पे पाडलेले असतात. स्नायूत अंतःक्षेपण देण्याच्या कामात वैद्याचा लेखी आदेश पाहणे, हात धुणे, औषधाचे नाव, मात्रा व मुदत तपासणे, रुग्णाची ओळख पटविणे, त्यास काय करणार ते सांगणे, योग्य जागा निवडणे, सुई सुरक्षित पात्रात टाकणे व नोंद करणे, असे टप्पे येतात. यांतील प्रत्येक टप्प्यास एकेक गुण दिल्यास रुग्णाची ओळख न पटविताही विद्यार्थिनीस पुष्कळ गुण मिळू शकतात. म्हणून काही टप्पे ‘निर्णायक’ ठरवितात. ते चुकल्यास बाकीचे काम कितीही सफाईदार असले, तरी त्या थांब्यावर ती अनुत्तीर्ण होते. या पद्धतीवरही आक्षेप आहेत. मनुष्यबळ व खर्च पुष्कळ लागतो आणि मुख्य म्हणजे रुग्णाच्या सेवेचे तुकडे पडतात. दहा तुकडे उत्तम करणारी विद्यार्थिनी आठ तासांच्या पाळीत सहा रुग्णांना सांभाळू शकेलच, असे नाही. अमेरिकन वैद्यक-शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये क्षमतेचे चार थर सांगितले : माहीत असणे, कसे करावे ते माहीत असणे, करून दाखविणे व प्रत्यक्ष करणे. ऑस्कीची कसोटी तिसऱ्या थरापर्यंत पोहोचते. चौथ्या थरासाठी कक्षातील दीर्घ निरीक्षणास पर्याय नाही.

कक्षातील सातत्यपूर्ण मूल्यमापन : विद्यार्थिनीच्या शिक्षणाचा मोठा भाग कक्ष, शस्त्रक्रियागृह, प्रसूतिगृह व आरोग्य केंद्र येथे जातो. तेथील कामाच्या मूल्यमापनासाठी श्रेणी-मापिका, प्रसंग-नोंदी, रुग्ण-अभ्यास, परिचर्या योजना व प्रात्यक्षिक नोंदवही ही साधने वापरतात. प्रसंग-नोंदीत शिक्षिका पाहिलेला प्रसंग थोडक्यात, मत न मिसळता लिहून ठेवते. ‘निष्काळजी आहे’ असा शेरा मारण्याऐवजी ‘दुपारी दोनचे तापमान न मोजता तक्त्यात भरले’ असे लिहिले, म्हणजे विद्यार्थिनीस नेमके काय सुधारावयाचे ते कळते व पुढे वाद उद्‌भवल्यास पुरावाही राहतो. प्रसूतिविद्येच्या नोंदवहीत विद्यार्थिनीने तपासलेल्या गरोदर माता, केलेल्या प्रसूती व शुश्रूषा केलेल्या बाळंतिणी यांची संख्या व तपशील असतो. ठरीव संख्या पूर्ण होऊन शिक्षिकेची स्वाक्षरी झाल्याखेरीज ती वही ग्राह्य धरली जात नाही. जेथे रुग्णालयात प्रसूतींची संख्या कमी व विद्यार्थिनींची अधिक असते, तेथे ही संख्या केवळ कागदावर पूर्ण होण्याचा धोका असतो. संस्थेस मान्यता देताना रुग्णालयातील खाटांची संख्या पाहिली जाते, त्यामागील एक कारण हेच होय.

कक्षातील मूल्यमापनाचा सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे अपात्र विद्यार्थिनीस अनुत्तीर्ण करणे. कॅथलीन डफी यांनी २००३ मध्ये स्कॉटलंडमध्ये केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की मार्गदर्शक परिचारिका शंका असूनही विद्यार्थिनीस संशयाचा फायदा देऊन पुढे पाठवितात. उशिरा लक्षात येणे, लेखी पुरावा नसणे, विद्यार्थिनीच्या वैयक्तिक अडचणींविषयी वाटणारी सहानुभूती आणि शेवटच्या वर्षी कोणाचे आयुष्य बिघडवू नये ही भावना, ही त्यामागील कारणे होत. अशी सहानुभूती माणुसकीची असली, तरी तिचा भार अखेर रुग्णावर पडतो. यावर उपाय म्हणजे मूल्यमापन पहिल्या महिन्यापासून करणे, उणिवा वेळीच व स्पष्ट शब्दांत सांगणे आणि सुधारण्यासाठी मार्गदर्शनासह पुन्हा संधी देणे, हा होय. असे केल्यास अनुत्तीर्ण होण्याचा निर्णय विद्यार्थिनीस अनपेक्षित राहत नाही.

गुण व श्रेणी : पदविका व पदवी या दोन्ही अभ्यासक्रमांत परिचर्येच्या विषयांत लेखी व प्रात्यक्षिक परीक्षांत स्वतंत्रपणे किमान ५० टक्के गुण मिळवावे लागतात. लेखी परीक्षेतील ८० गुणांनी प्रात्यक्षिकातील ३५ गुणांची भरपाई होऊ शकत नाही. उपस्थितीचीही अट आहे. परीक्षेस बसण्यासाठी लेखी व प्रात्यक्षिक तासांना किमान ८० टक्के उपस्थिती लागते. परंतु प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची १०० टक्के उपस्थिती पूर्ण करावी लागते. आजारपणामुळे बुडालेली कक्षसेवा नंतर भरून काढावी लागते, ती या नियमामुळेच.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध केलेल्या नियमांनुसार बी.एस्‌सी. परिचर्या अभ्यासक्रम आठ सत्रांत विभागण्यात आला असून त्यास श्रेयांक पद्धती लावण्यात आली. सत्र २० आठवड्यांचे असते. आठवड्यास एक तास व्याख्यान, दोन तास प्रयोगशाळा किंवा चार तास नैदानिक काम केल्यास सत्राअखेर एक श्रेयांक मिळतो. गुणांचे रूपांतर दहा अंकी श्रेणीत केले जाते. ८५ टक्के व त्याहून अधिक गुणांस ‘ओ’ (१० श्रेणीबिंदू), ८० ते ८४·९९ ला ‘ए अधिक’ (९), ७५ ते ७९·९९ ला ‘ए’ (८), ६५ ते ७४·९९ ला ‘बी अधिक’ (७), ६० ते ६४·९९ ला ‘बी’ (६) आणि ५० ते ५९·९९ ला ‘सी’ (५) अशा श्रेणी आहेत. इंग्रजी व वैकल्पिक विषयांत ४० टक्क्यांस उत्तीर्ण धरतात व त्यास ‘पी’ (४) श्रेणी देतात.

सत्राची सरासरी काढताना प्रत्येक विषयाच्या श्रेणीबिंदूंना त्याच्या श्रेयांकांनी गुणून येणाऱ्या बेरजेस एकूण श्रेयांकांनी भागतात. समजा, एका विद्यार्थिनीस ५ श्रेयांकांच्या विषयात ८, ३ श्रेयांकांच्या विषयात ७ व २ श्रेयांकांच्या विषयात ५ श्रेणीबिंदू मिळाले, तर (४० + २१ + १०) ÷ १० = ७·१ ही तिची सत्र-सरासरी होय. सर्व सत्रांची एकत्रित सरासरी ७·५ किंवा अधिक असल्यास विशेष प्रावीण्यासह प्रथम वर्ग, ६ ते ७·४९ असल्यास प्रथम वर्ग व ५ ते ५·९९ असल्यास द्वितीय वर्ग मिळतो. या पद्धतीत एकेका गुणासाठीची ओढाताण काहीशी कमी होते व अधिक वेळ लागणाऱ्या विषयास अधिक वजन मिळते. मात्र सरासरी हा आकडा उणिवा झाकतो, हे लक्षात ठेवावयास हवे. म्हणूनच लेखी व प्रात्यक्षिक परीक्षांत स्वतंत्र उत्तीर्णतेची अट नव्या पद्धतीतही कायम ठेवली आहे. प्रात्यक्षिकांत ऑस्की व प्रत्यक्ष निरीक्षणाखालील काम या दोहोंचा समावेश करण्यात आला, हेही या नियमांचे वैशिष्ट्य होय.

परदेशांतील परवाना परीक्षा : भारतात मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राज्य परिषदेकडे नोंदणी होते. अमेरिकेत मात्र पदवी व परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेथे परिचर्येचे शिक्षण पूर्ण केलेल्या प्रत्येकास राज्य परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेची परवाना परीक्षा द्यावी लागते. १९९४ पासून ही परीक्षा संगणकावर अनुकूली पद्धतीने घेतली जाते. उत्तर बरोबर आल्यास पुढील प्रश्न अधिक कठीण, चुकल्यास सोपा येतो. उमेदवाराची क्षमता उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर किंवा खाली आहे, याची ९५ टक्के खात्री होताच परीक्षा थांबते. त्यामुळे सर्वांना सारखेच प्रश्न येत नाहीत व त्यांची संख्याही सारखी नसते. एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत परिचारिकेच्या परीक्षेत किमान ८५ व कमाल १५० प्रश्न असून कमाल वेळ पाच तासांचा आहे. त्याच वेळी रुग्णाच्या स्थितीचे उलगडत जाणारे वर्णन देऊन निर्णयशक्ती तपासणारे प्रश्नसंच व अंशतः बरोबर उत्तरास गुण देण्याची पद्धत सुरू झाली. निकाल केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा असतो. ब्रिटनमध्ये परदेशी परिचारिकांसाठी संगणकावरील चाचणी व ऑस्की असे दोन टप्पे आहेत. भारतातून परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या अनेक परिचारिका या परीक्षा देतात. अमेरिकन परीक्षेचे एक केंद्र मुंबईत आहे. पाठांतरावर भर असलेल्या पद्धतीत शिकलेल्या परिचारिकांना प्रसंगनिष्ठ प्रश्न प्रथम कठीण वाटतात, याचे कारण ज्ञानाची उणीव हे नसून सवयीतील फरक हे असते.

समारोप : भारतात १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. त्यात शिक्षण, मूल्यनिर्धारण व मानांकन, आणि नीती व नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळांची तरतूद आहे. यांतील मूल्यनिर्धारण मंडळ संस्थांचे मूल्यांकन करण्यासाठी आहे. विद्यार्थिनीच्या मूल्यमापनाचा दर्जा अखेर तिला शिकविणाऱ्या संस्थेच्या दर्जावर अवलंबून असतो, हे तत्त्व त्यातून सूचित होते. जेथे एका शिक्षिकेकडे फार विद्यार्थिनी असतात किंवा रुग्णालयात त्यांच्याकडून परिचारिकांच्या रिकाम्या जागा भरून काढल्या जातात, तेथे सूची व श्रेणी कितीही काटेकोर असल्या, तरी भरणाऱ्याला पाहावयास वेळ नसतो. लेखी परीक्षा, ऑस्की व कक्षातील निरीक्षण यांपैकी कोणतीही एक पद्धती स्वयंपूर्ण नाही. प्रत्येकीचा दोष दुसरीने भरून निघावा, अशा रीतीने त्यांची सांगड घालावी लागते. रात्रपाळीत, कोणी पाहत नसताना, रुग्णाची ओळख पुन्हा एकदा तपासून मगच औषध देण्याची सवय विद्यार्थिनीच्या अंगी बाणली आहे किंवा नाही, हे कळणे हा या सर्व खटाटोपाचा हेतू होय.